पाहुण्याने आणलेलं दार

फार फार पूर्वी एका माणसाच्या घशात सगुणा नावाची पेशी राहायची. मीठ असो की चुना, म्हणजे कॅल्शियम, विचारपूस केल्याशिवाय तिचा दारवान कुणालाच आत सोडत नसे.

एकदा एक विषाणू गोड बोलून पाहुणा म्हणून शिरला. “ताई, दारवानाला कशाला त्रास? माझं दार मी बरोबरच आणलंय,” म्हणत त्याने ते भिंतीत बसवलं. सगुणाने भिडेखातर ते बसवू दिलं.

त्या दाराला दारवानच नव्हता. चुना धो धो आत आला, भिंती फुगल्या, पाहुण्याची पिल्लावळ घरभर झाली.

“येतो ताई, आता शेजारी उतरतो,” पाहुणा म्हणाला.

“बसा,” सगुणा म्हणाली. तिने शेजारच्या पेशींना हाळी दिली, “बायांनो, दारं लावून घ्या!” आणि पाहुण्याच्या अंगावर, त्याच्या पोराबाळांसकट, तिने आपलं घर आपल्याच हातांनी पाडलं.