निशाणाच्या घोड्याचं औषध

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. त्या राज्यात राजाची मोठी पागा होती आणि ती एक पागेदार सांभाळायचा. माणूस कष्टाळू होता, पण रीतिरिवाजाला फार जपणारा.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडी आणि थंडी सुरू झाली की, पागेतल्या घोड्यांना जंतांचं औषध दिलं जाई. वावडिंग, पळसाच्या बिया आणि कडुलिंब कुटून गुळात कालवायचं, की झालं औषध. कोणत्या घोड्याला किती द्यायचं ते पागेच्या वैद्यबाई ठरवत.

औषध सगळ्यांना मिळे, फक्त निशाणाच्या घोड्याला नाही. तो मिरवणुकीत राज्याचं निशाण घेऊन पुढे चालायचा, म्हणून त्याच्या तोंडी कडू जाऊ द्यायचं नाही अशी रीत होती. रोज सकाळी कुरणात सगळ्यांच्या आधी चरायचा मानही त्याचाच. घोडा कसा तुकतुकीत होता! अशा घोड्याला कसले आलेत जंत, असं सगळ्यांना वाटे.

पण पागेत शिंगरं जगत नव्हती. आईचं दूध सुटून कुरणात चरायला लागली की त्यांची पोटं फुगायची, पाय काडीसारखे व्हायचे आणि एक दिवस ती उठायचीच नाहीत. लोक म्हणत, पागेला कुणाची तरी दृष्ट लागली आहे. वैद्यबाई मात्र घोड्यांच्या लिदीत काठी घालून बघत बसायच्या. त्यावर लोक तोंडावर हात धरून हसत.

त्या वर्षी पागेदाराच्या लाडक्या घोडीला एक तांबूस शिंगरू झालं. ते त्याच्या मागेमागे फिरे आणि त्याचा सदरा चावे. पागेदाराला मूलबाळ नव्हतं. त्याचा सगळा जीव त्या शिंगरात अडकला होता.

पावसाळा सरता सरता शिंगराचं पोट फुगलं. वैद्यबाईंनी औषध दिलं, ते सावरलं. कुरणात गेलं आणि पुन्हा आजारी पडलं. तेव्हा वैद्यबाईंनी पागेदाराला बाजूला घेतलं.

"पागेदार, जंत त्या निशाणाच्या घोड्याच्या पोटात आहेत. त्याला भरपूर दाणा मिळतो, म्हणून त्याला जाणवत नाही. त्याची लीद कुरणात पडते आणि तिथलंच गवत शिंगरं खातात. औषध त्याला द्या, लीद रोज उचला आणि शिंगराला तोवर दुसरीकडे चारा."

पागेदाराला ते पटलं. खोटं कशाला सांगायचं, ते त्याला आधीपासूनच कळत होतं. पण दसरा तोंडावर आला होता. सणाच्या आधी रीत मोडली तर लोक काय म्हणतील, महाराज काय म्हणतील, या धाकाने त्याने चालढकल केली. एवढा दसरा होऊन जाऊ द्या, मग बघू, असं तो म्हणाला. शिंगरू वेगळं बांधलं तर लोक कारण विचारतील, म्हणून तेही कुरणातच राहिलं.

दसऱ्याला निशाणाचा घोडा झेंडूच्या माळा घालून मिरवणुकीत निघाला. त्याचा लगाम पागेदाराच्या हातात होता. इकडे पागेत शिंगरू पोटदुखीने लोळत होतं. मिरवणूक परत येईपर्यंत ते गेलं होतं. घोडी त्याला नाकाने ढोसून उठवत होती. ते बघून पागेदार ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने निशाणाच्या घोड्यापुढे औषध धरलं. घोड्याने हुंगलं, खाल्लं आणि गुळासाठी त्याचा हात चाटला. घोड्याची काहीच तक्रार नव्हती.

बातमी राजापर्यंत गेली. रीत कोणी मोडली, असं राजाने दरबारात विचारलं.

"मी मोडली, महाराज," पागेदार म्हणाला. "पण एक शिंगरू गेल्यावर मोडली."

राजाने मिरवणुकीत निशाणाच्या घोड्याचा लगाम धरण्याचा मान त्याच्याकडून काढून घेतला, पण औषधाची नवी पद्धत तशीच चालू ठेवली. पुढच्या वर्षी पागेतली सगळी शिंगरं जगली आणि कुरणभर उधळली. पागेदार कुंपणाशी उभा राहून त्यांच्याकडे बघत असे. त्यांच्यात ते तांबूस शिंगरू नव्हतं.

तात्पर्य : मान राखण्यासाठी थोरल्याला नियमातून सोडलं, की त्याची किंमत धाकट्याला मोजावी लागते.