ठकूची पणती आणि राजाची वीज

भिवरगडच्या राजेसाहेबांनी मुंबईहून विजेचं यंत्र आणलं आणि धोंडजी मशालजीच्या पोटावर पाय आला!

राजेसाहेब हौशी होते आणि हट्टी तर त्याहून जास्त. वाड्याच्या चौकात खांबावर हात पोचेल असा काचेचा गोळा लागला. बटण दाबलं की दिवा लागे, पुन्हा दाबलं की विझे. सबंध संध्याकाळ राजेसाहेबांचा तोच खेळ! तेवढ्यात रोजच्यासारखा धोंडजी मशाल घेऊन हजर झाला. मशालीतून करंजाच्या तेलाचा एक काळा थेंब टपकला, तो नेमका राजेसाहेबांच्या नव्या कोऱ्या जोड्यावर.

झालं! राजेसाहेब कडाडले, "धोंडजी, आजपासून तुझी मशाल बंद! देवडीबाहेरची खोलीही रिकामी कर."

धोंडजीच्या घरात चार पिढ्या मशालच होती. या वयात दुसरं काय करणार बिचारा? त्यानं पाय धरले. "सरकार, मशालीची कामं विजेला व्हायची न्हाईत!"

"अस्सं? सांग बघू एक!"

"सरकार जातील तिथं मशाल संगं चालती. तुमचा दिवा खांबाला बांधलेला हाय."

राजेसाहेबांनी खिशातून बॅटरी काढून धोंडजीच्या थेट तोंडावर झोत मारला. "ही घे चालती-फिरती वीज! आणखी?"

"थंडीत ऊब मिळती, सरकार."

"मला शाल आहे. आणखी?"

"मशालीला लांडगं भितात..."

"माझ्या चौकात लांडगे येतात का रे? आणखी?"

राजेसाहेबांना मोठी मजा वाटली. मिशीला पीळ देत ते म्हणाले, "त्रिपुरी पुनवेला चौकातल्या देवळापुढं दीपमाळ लागेल. तोवर मशालीचं असं एक काम दाखव, जे माझ्या विजेला जमणार नाही. दाखवलंस तर मशाल कायम. नाहीतर बांध गाठोडं!"

घरी सून ठकू मशालीसाठी चिंध्या पिळत बसली होती. ही ठकू म्हणजे आमची पणजी. हात चालायचा त्याच्या दुप्पट जीभ चालायची बाईची! नवरा पलटणीबरोबर लांब मुलखात गेलेला, घरात सासरा-सून दोघंच. ही खोली गेली तर जायचं कुठं? सगळं ऐकून, गाठोडं बांधायला लागलेल्या सासऱ्याला ती एवढंच म्हणाली, "मामंजी, आधी चार घास खाऊन घ्या."

इतक्यात शेजारची गुणाबाई फुटकं खापर घेऊन दारात उभी राहिली. "ठके, चूल विझली गं. जरा विस्तव दे की."

त्या काळी ऊठसूट काडी ओढायची चैन नव्हती. चूल विझली की शेजारून विस्तव आणायचा. ठकूनं एक निखारा खापरावर ठेवला. गुणाबाई गेली. ठकू चुलीकडं बघत राहिली, मग खुदकन हसली.

"मामंजी, गाठोडं सोडा! आन् ह्या चिंध्या तेलात भिजवा!"

पुनवेची संध्याकाळ झाली. देवळापुढं अख्खं गाव लोटलं. राजेसाहेबांनी बटण दाबलं, चौक लख्ख उजळला, पोरांनी टाळ्या पिटल्या. राजेसाहेब ऐटीत म्हणाले, "काय धोंडजी, सापडलं का काम?"

धोंडजीनं मागं सुनेकडं बघितलं. ठकूच पदर सावरत पुढं आली. एका हातात विझलेली मशाल, दुसऱ्या हातात तेल-वात घातलेली पणती.

राजेसाहेबांचे कारभारी खेकसले, "अगं, तू कशाला मधे?"

"मामंजींची जीभ टाळूला चिकटलीया कारभारीसाहेब, म्हणून माझी चालवते!" ठकू म्हणाली आणि तिनं पणती राजेसाहेबांपुढं धरली. "सरकार, दीपमाळेचा पहिला दिवा तुमच्या हातचा, ही रीतच हाय. तेवढी ही पणती तुमच्या विजेवर लावून द्या."

"एवढंच ना?" राजेसाहेबांनी पणती उचलून काचेच्या गोळ्याला टेकवली. वात काही पेटेना. डावीकडून टेकवली, उजवीकडून टेकवली. तेल तेवढं ओघळून थेट बाहीत गेलं. कारभाऱ्यांनी फुंकर घातली, बटण चारदा दाबलं, गोळ्याला हात लावून बघितला आणि "आई गं!" करून बोट तोंडात घातलं. गावाला हसू आवरेना!

कारभाऱ्यांनी हळूच काडीपेटी काढली. ठकूनं ती लगेच हेरली. "सरकारांनी पैज विजेवर लावलीया, काडीपेटीवर न्हाई! का काडीपेटीलाच मशालजी नेमायचं ठरलंय?"

काडीपेटी मुकाट्यानं खिशात गेली. ठकूनं देवळातल्या नंदादीपावर मशाल पेटवून सासऱ्याच्या हातात दिली. धोंडजीनं राजेसाहेबांच्या हातातली पणती लावली. मग म्हातारा दीपमाळेवर तुरुतुरु चढला आणि बघता बघता सगळी दीपमाळ झगमगली.

राजेसाहेब अजून अडूनच होते. "असेना! माझा एकटा दिवा या सगळ्यांपेक्षा जास्त उजेड देतो!"

"देतो की, सरकार!" ठकू म्हणाली. "पर त्याच्या उजेडात सारा गाव दिसला, तरी शेजारणीची चूल न्हाई पेटत. आमच्या मशालीनं एवढे दिवे लावले. बघा, तिचा जाळ तसूभर तरी कमी झालाय का?"

राजेसाहेबांनी मशालीकडं बघितलं, मग आपल्या तेलकट बाहीकडं बघितलं. एकाएकी त्यांना हसू फुटलं. हसता हसता पागोटं कानावर आलं! "हरलो! धोंडजी, मशाल तुझी, खोलीही तुझी. आणि पोरी, तुला काय हवं ते माग!"

ठकूनं लगेच पदर पसरला.

"सरकार, आमच्या खोलीत एक विजेचा दिवा लावून द्या. रातच्याला चिंध्या पिळताना मशालीच्या धुरानं डोळं लई चुरचुरत्यात हो!"

राजेसाहेब पुन्हा एवढे हसले, की पागोटं आता खालीच पडलं. आणि भिवरगडात वाड्याबाहेरचा पहिला विजेचा दिवा लागला, तो मशालजीच्या घरात!