मरळीची साक्ष आणि रोहूची पिल्ले

पूर्वी शंखावती नगरीत सोमसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या कुळात जन्मला आणि पुढे नगरातल्या साऱ्या रंगाऱ्यांचा प्रमुख झाला. त्याच्या रंगशाळेतले तांबडे कापड गलबतांतून दूरदेशी जाई.

नगराच्या खालच्या अंगाला, सुवेणा नदीच्या काठी, कोळ्यांची वस्ती होती. एका उन्हाळ्यात तिथे मासे पोट वर करून तरंगू लागले. तेव्हा कर्कट नावाचा धनाढ्य रंगारी राजसभेत जाऊन म्हणाला, "महाराज, हे कोळ्यांचेच काम. मासे गुंगावेत म्हणून ते पाण्यात विषारी गेळफळ टाकतात. हाकलून द्या त्यांना!"

वस्तीची प्रमुख भद्रा संतापली. "आपल्याच अन्नात कोणी माती कालवते का, महाराज? विष येते ते यांच्या नाल्यांतून!"

कर्कट तयारीनेच आला होता. रंगशाळेच्या नाल्याचे पाणी निवळवून त्याने लोटाभर आणले होते. काय ते स्वच्छ पाणी! सर्वांदेखत त्याने ते घटाघटा पिऊन दाखवले. सभा खूश झाली. राजा बोधिसत्त्वाकडे वळला.

"श्रेष्ठी, तुम्ही हो म्हणा. कोळ्यांना आजच गाशा गुंडाळायला लावतो."

नुसती मान हलवायची होती. रंगाऱ्यांचा धंदा सुखरूप राहिला असता आणि कोळी देशोधडीला लागले असते. पण बोधिसत्त्वाचाही नाला त्याच नदीत पडत होता.

"महाराज," तो म्हणाला, "घोटभर पिणारा माणूस घरी जातो. मासा तिथेच नांदतो. त्यालाच विचारू या. हौद माझे, नालाही माझाच."

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय!" कर्कट पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "ठीक आहे, पण मासे मी आणीन." राजाने ते मान्य केले.

दोन हौद भरले. एकात नगराच्या वरच्या अंगाचे नदीचे पाणी, दुसऱ्यात नाल्याचे. कर्कटाने दोन्हींत धष्टपुष्ट मरळी सोडल्या. काही दिवसांनी राजा पाहायला आला, तर नाल्याच्या पाण्यातही मरळी मजेत फिरत होत्या. रंगाऱ्यांनी जल्लोष केला. भद्राने कपाळाला हात लावला आणि वस्तीतल्या बायका रडू लागल्या.

बोधिसत्त्व मात्र हौदाच्या काठावर बसून पाहत राहिला. थोड्या थोड्या वेळाने एकेक मरळ तोंड वर काढी, हवेचा घोट घेई आणि पुन्हा तळाशी जाई. ते पाहून त्याला हसू आले.

"महाराज, ही साक्षीदारीण राहते पाण्यात, पण श्वास घेते वरचा, तुमच्याआमच्यासारखा. पाण्याचे दुखणे हिला काय कळणार? सारा श्वास पाण्यातच घेतो, असा मासा सोडा."

राजाच्या आज्ञेने भद्राने मरळी काढून घेतल्या आणि रोहूची पिल्ले आणून दोन्ही हौदांत सोडली. संध्याकाळ व्हायच्या आत नाल्याच्या पाण्यातली पिल्ले वेडीवाकडी फिरू लागली आणि मग कुशीवर आली. शेजारच्या हौदातली खुशाल बागडत होती.

बोधिसत्त्व हात जोडून उभा राहिला. "विष माझ्या नाल्यातले आहे, महाराज. कोळी निर्दोष आहेत." स्वतःच्याच विरुद्ध असे बोलायला छाती लागते. राजा आसनावरून उठला आणि त्याने त्याला मिठी मारली.

तेव्हापासून प्रत्येक रंगशाळेचे पाणी चुना घालून, वाळूतून गाळून तिच्या तळ्यात साठवले जाई. त्या तळ्यात रोहूची पिल्ले असत आणि कोळी त्यांची राखण करीत. पिल्ले मलूल दिसली की भद्रा डफ वाजवी आणि त्या रंगशाळेच्या भट्ट्या विझत. पहिला डफ वाजला तो बोधिसत्त्वाच्याच तळ्यावर. त्याची गलबते रिकामी खोळंबली, पण पाणी सुधारेपर्यंत त्याने भट्टी पेटवली नाही.

पुढच्या वर्षी माशांच्या झुंडी थेट घाटापर्यंत आल्या. कोळ्यांनी बोधिसत्त्वाला खांद्यावर घेऊन नगरभर मिरवले. डफ भद्राच वाजवत होती, आणि आता एकही भट्टी विझली नाही! मिरवणुकीत कर्कटही नाचला.

विहारात ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, चीवर रंगवून उरलेले पाणी आज ओढ्यात ओतून 'निवळच तर आहे' म्हणणारा सुनंद, तोच तेव्हाचा कर्कट. त्याला अडवणारी भिक्षुणी धीरा ही भद्रा, हा विहार बांधून देणारा उपासक तो सोमसेन, आणि रंगाऱ्यांचा प्रमुख मीच होतो."

सुनंद उठला आणि रंगाचे भांडे उचलून ओढ्यापासून दूर घेऊन गेला. त्याच्याकडे पाहत शास्ते म्हणाले, "आपल्या विरुद्ध जाणारे सत्य जो आपल्याच तोंडाने सांगतो, त्याची सत्यपारमिता, म्हणजे सत्यनिष्ठेची साधना, पूर्ण होते."