पिंपळटेकचे पाळक बाहेर का उभे राहतात

चपला इथंच काढा, आणि त्या दगडावर तेवढं बसू नका. चर्चच्या दाराच्या डाव्या अंगाला हा जो काळा, बसका दगड दिसतो ना, त्यावर प्रभुभोजनाच्या रविवारी आमचे पाळक उभे राहतात. आत मंडळी गात असते, मेजावर भाकर आणि प्याला मांडलेला असतो, आणि पाळक मात्र बाहेर उन्हात. मंडळीत जो सगळ्यात नवा असेल त्याने उठून बाहेर यायचं, पाळकांचा हात धरायचा आणि त्यांना आत न्यायचं. तोवर उपासना पुढे सरकत नाही. पाहुण्यांना याची गंमत वाटते, पण यात गमतीचं काही नाही.

असं सांगतात की दीडशे वर्षांपूर्वी या टेकावर लिंबाजी उपदेशक राहत. ही मंडळी त्यांनीच उभी केली. माणूस विद्वान, गळा गोड, शब्दाला पक्का अशी ख्याती. ते माझ्या पणजोबांचे वडील, म्हणून त्यांच्याविषयी वाईट बोलायचा हक्क मला आहे.

तेव्हा गावकुसाबाहेर भागू नावाची एक विधवा गवत विकून पोट भरायची. भारा विकला की टेक चढून यायची आणि लिंबाजींच्या पुढ्यात बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. ते एक ओळ म्हणत, ती दहादा म्हणे. लिंबाजींनी तिला वचन दिलं होतं, "भागू, प्रभूचं डोंगरावरचं प्रवचन ज्या दिवशी तुला सगळं तोंडपाठ येईल, त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसून याच प्याल्यातून पिशील." प्याला एकच होता, सगळ्यांनी त्यालाच तोंड लावायचं. जन्मभर जिच्या ओंजळीत लोकांनी वरूनच पाणी ओतलं, तिला या शब्दाचं केवढं अप्रूप! भावांनी बजावलं, टेकावर गेलीस तर घर बंद. ती गेली, आणि घर बंद झालं.

दोन पावसाळे लोटले. प्रवचन पाठ झालं, बाप्तिस्मा झाला, प्रभुभोजनाचा रविवार ठरला. नेमका त्याच आठवड्यात गावच्या देशमुखांचा निरोप आला, की रविवारी बघायला येतो, मनाला पटलं तर चाळीस माणसांनिशी तुमच्यात येऊ. लिंबाजींच्या डोळ्यांपुढे ती चाळीस माणसं नाचायला लागली. भागूने तोंड लावलेला प्याला बघून देशमुख बिचकतील, असं त्यांच्या मनानं घेतलं. देशमुखांनी तसं काही म्हटलंच नव्हतं म्हणे. समोरच्याचं पाप त्याच्या आधी आपणच करून मोकळं व्हायचं, ही खोड आमच्या घराण्यात जुनी आहे.

रविवारी भागू धुतलेलं लुगडं नेसून दाराशी आली. लिंबाजी पुढे झाले.

"आजचा दिवस बाहेर बस, भागू. पुढच्या खेपेला नक्की."

"समदं पाठ झालंय, गुरुजी."

"ठाऊक आहे मला."

"तुमी सबूद दिला व्हता."

"चाळीस जीव आहेत, बाई. जरा समजून घे."

ती दगडावर बसली. रडली नाही. पहिल्या ओळीपासून प्रवचन म्हणायला लागली. आत देशमुखांनी कान दिला आणि विचारलं, "कोण हो ही? काय सुरेख म्हणते." लिंबाजी म्हणाले, "असेल कुणी गवतवाली, दमून टेकली असेल. मी नाही ओळखत."

बाहेरचा आवाज तिथंच थांबला.

लिंबाजींनी प्याला उचलला, तर आशीर्वादाचे शब्द तोंडातून फुटेनात. असं सांगतात की प्याला खाली ठेवला की त्यांना बोलता येई, उचलला की वाचा जाई. देशमुख अवघडून उठले आणि गेले ते गेलेच. लिंबाजी धावत बाहेर आले तेव्हा दगड रिकामा होता.

भागू नदीपलीकडे बहिणीच्या गावी जाऊन राहिली. लिंबाजी तीनदा गेले, तिने दार उघडलं नाही. मग तिने हात धरून नेल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी व्रत घेतलं. दर प्रभुभोजनाला मंडळी आत, उपदेशक दगडावर, आणि प्याला झाकलेला. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी ती आली. तिने त्यांचा हात धरला आणि मेजापाशी नेऊन उभं केलं. मंडळीला हुंदके आवरेनात. लिंबाजींनी प्याला उचलला, शब्द आले, आणि त्यांनी तो सगळ्यात आधी भागूपुढे धरला. भागूने हात मागे घेतले.

"देवानं सांगितलं म्हनून तुमाला आत पोचवलं, गुरुजी. मनातलं काडून टाकलंय म्या. पर तुमच्या हातचं नगं."

लिंबाजींनी प्याला मेजावर ठेवला आणि ते मागे सरले. मग ती पुढे झाली, स्वतः उचलून प्याली, पदराने तोंड पुसलं आणि टेक उतरून गेली. पुन्हा कधी आली नाही. तिच्या माघारी हात धरायचं काम मंडळीतल्या सगळ्यात नव्या माणसाकडे आलं.

शेवट गोड झाला, असं आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात. मला नाही तसं वाटत. तिने क्षमा केली, पण भरवसा गेला तो गेलाच. मला त्या म्हाताऱ्याचा अजून राग येतो.

आजही इथं पाळक कुणाच्या हातात प्याला देत नाहीत. मागे बदलून आलेल्या एका पाळकांना ही रीत मानहानीची वाटली. त्यांनी नव्याने आलेल्या एका सुनेपुढे प्याला धरला. ती हात जोडून उभी राहिली. हात भरून येईपर्यंत त्यांनी तो धरून ठेवला. शेवटी मेजावर ठेवला, दोन पावलं मागे सरले, आणि मग तिने उचलला.