ढुमू ताडपत्रीखाली राहिला!

डोंगरावर एक बंगला. बंगल्यात पोहायचा तलाव. निळा निळा, गार गार.

तलावाच्या काठी कुंडी. कुंडीमागे राहायची एक बेडकी. अंगठ्याएवढी. तिचं नाव डुमी. आणि तिचा धाकटा भाऊ ढुमू. तो तर करंगळीच्या नखाएवढा!

थंडी आली. हुडहुडी! आता पोहणार कोण? मग बंगल्यातल्या बाईंनी दगडूकाकांना बोलावलं. थंडीत तलाव बंद करायचा, हे दगडूकाकांचं काम. दरवर्षीचं.

काका आले. पंप बंद केला. घर्रर्र... घुप्प! थोडं पाणी सोडलं. सळसळ सळसळ. पाण्यात औषध टाकलं. भुरभुर भुरभुर.

आता राहिली शेवटची जाळी. लांब दांडीची जाळी घ्यायची आणि पाण्यात सगळीकडून फिरवायची. पानं निघतात. किडे निघतात. कधी कधी पोहणारंही कुणी निघतं! जाळी फिरवल्याशिवाय तलाव झाकायचा नसतो.

काकांनी जाळी उचलली. तेवढ्यात बाईंची हाक आली, "काका, चहा!"

थंडीतला चहा, तोही आल्याचा. गार झाला तर? काकांनी जाळी खाली ठेवली. चहा प्यायले. फुर्र फुर्र. परत आले, आणि जाळी विसरले! सरळ ताडपत्री ओढली. सर्रर्र! दोरी बांधली. करकच्च! दोरीवर वाळूची पिशवी ठेवली. धप्प!

"झालं बरं का काम!" काका म्हणाले.

कसलं झालं! काही झालं नव्हतं.

डुमी कुंडीमागून आली. इकडे बघते, तिकडे बघते. ढुमू कुठे? ढुमू नाही!

ताडपत्रीखालून बारीक आवाज आला.

"डर्र! ताई गं! अंधार!"

"अबब! ढुमू आत!" डुमीचे डोळे मोठे झाले. आधीच मोठे होते, ते आणखी मोठे झाले.

तलावाची भिंत गुळगुळीत. ढुमू चढतो, ढुमू घसरतो. डुबुक! औषधानं डोळे चुरचुरतात. एवढासा ढुमू, किती वेळ पोहणार?

टप्पक टुण, टप्पक टुण. डुमी गेली ताडपत्रीकडे.

"ताडपत्री, ताडपत्री, उघड ना!
माझा ढुमू आत राहिला!"

"अगंबाई! काय सांगतेस!" ताडपत्री फडफडली. "पण मी कशी उघडू? दोरी सुटेल, तर मी उघडेन."

टप्पक टुण, टप्पक टुण. डुमी गेली दोरीकडे.

"दोरी, दोरी, सूट ना!
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

"बाप रे! काय सांगतेस!" दोरी थरथरली. "पण मी कशी सुटू? पिशवी हलेल, तर मी सुटेन."

टप्पक टुण, टप्पक टुण. डुमी गेली पिशवीकडे.

"पिशवी, पिशवी, हल ना!
दोरी सुटत नाही,
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

"अरेच्चा! काय सांगतेस!" पिशवीतली वाळू खसखसली. "पण मी कशी हलू? काका उचलतील, तर मी हलेन."

ताडपत्रीखालून आवाज आला. "डर्र! ताई गं! पाय दुखले!"

"आले हं, ढुमू! आले!"

टप्पक टुण, टप्पक टुण. डुमी गेली काकांकडे. काका आपलं सामान आवरत होते.

"काका, काका, उचला ना!
पिशवी हलत नाही,
दोरी सुटत नाही,
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

काकांच्या हातातली पक्कड खाली पडली. ठण्ण!

"आत्ता गं बया! काय सांगतीस! माझ्या तलावात कोन ऱ्हाईल? मी जाळी फिरवतो की!"

फिरवली होती का हो? सांगा बरं!

"आन् मी कसा उचलू?" काका म्हणाले. "पंधरा वर्सं झाली. एकदा झाकलेला तलाव मी पुन्ना उघडला न्हाई. बाई सांगतील, तर मी उचलीन."

टप्पक टुण, टप्पक टुण. डुमी गेली बाईंकडे.

"बाई, बाई, सांगा ना!
काका उचलत नाहीत,
पिशवी हलत नाही,
दोरी सुटत नाही,
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

"अय्या! बेडकी बोलली!" बाई दोन पावलं मागे सरकल्या. "काय सांगतेस! पण मी कशी सांगू? पायरीवर आमची रेवा रडतेय. माझंच मला ऐकू येत नाही! रेवा गप्प होईल, तर मी सांगेन."

टप्पक टुण, टप्पक टुण. डुमी गेली रेवाकडे. रेवा तीन वर्षांची. पण आवाज? तेरा वर्षांचा!

"रेवा, रेवा, गप्प हो ना!
बाई सांगत नाहीत,
काका उचलत नाहीत,
पिशवी हलत नाही,
दोरी सुटत नाही,
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

"आँ?" रेवा थांबली. एवढंसंच थांबली. मग पुन्हा भोंगा सुरू!

"ताडपत्रीनं माझं पाणी गिळलं! सगळ्ळं गिळलं! भ्यांऽऽ! भुरी मांडीवर येईल, तर मी गप्प होईन. भ्यांऽऽऽ!"

भुरी म्हणजे रेवाची मांजर. ती बसली होती पंपाच्या झाकणावर.

टप्पक टुण, टप्पक... डुमी लांबच थांबली. मांजर ती! भरवसा काय? डुमी लांबूनच म्हणाली,

"भुरी, भुरी, ऊठ ना!
रेवा गप्प होत नाही,
बाई सांगत नाहीत,
काका उचलत नाहीत,
पिशवी हलत नाही,
दोरी सुटत नाही,
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

"ढुमूचं काय घेऊन बसलीस?" भुरी म्हणाली. "माझा पंप गार पडला! रोज कसा छान उबदार असायचा. आज हात लावला तर गारठ्ठ! मला धक्काच बसलाय. मी कशी उठू? डास चावेल, तर मी उठेन."

डास? अरे देवा! डास तर डुमी खाते! तो कसा मदत करणार?

डुमीनं ताडपत्रीकडे कान लावला. आवाज नाही.

"ढुमू?"

आवाज नाही.

"ढुमूऽऽ!"

काहीच नाही.

टप्पकटुणटप्पकटुणटप्पकटुण! डुमी धावली काकांच्या बादलीकडे. बादलीत बसला होता डास.

"मेलो! बेडकी आली!" डास उडाला आणि भिंतीवर उंच जाऊन बसला.

"डासदादा, डासदादा, चाव ना!
भुरी उठत नाही,
रेवा गप्प होत नाही,
बाई सांगत नाहीत,
काका उचलत नाहीत,
पिशवी हलत नाही,
दोरी सुटत नाही,
ताडपत्री उघडत नाही,
माझा ढुमू आत राहिला!"

डास बघतच राहिला. "दादा? मला दादा म्हणालीस? गिळलं नाहीस?"

डुमीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "ऊं हूं!"

"आज नाही गिळणार?"

"ऊं हूं!"

"आणि उद्या?"

उद्या? डुमीला प्रश्न पडला. उद्या भूक लागेल की! मग तिला ढुमू आठवला. तिनं तोंडावरचे हात काढले.

"तुला कध्धीच नाही," ती म्हणाली. "मीही नाही, ढुमूही नाही."

डास "पण" म्हणाला नाही. "तर" म्हणाला नाही. म्हणाला, "चल!"

गुंईऽऽऽ!

डास भुरीला चावला. कुठे? नाकावर!

"म्यांऽऽव!" भुरी उठली. उठली कसली, उडाली! धप्पकन रेवाच्या मांडीवर पडली.

रेवा गप्प झाली. एकदम चिडीचूप.

आणि त्या शांततेत, अगदी बारीक, अगदी हळू...

"डर्र..."

बाईंनी ऐकलं. "अगंबाई! दगडूकाका! आत कुणीतरी आहे हो! उघडा!"

बाईंनी सांगितलं, काकांनी उचललं. पिशवी हलली. धप्प! दोरी सुटली. सट्ट! ताडपत्री उघडली. सर्रर्र!

सगळे वाकले. बघतात तर काय? नुसतं पाणी! ढुमू कुठेच नाही!

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही जाळी फिरवली होती ना?"

काकांनी कपाळावर हात मारला. "आत्ता गं बया! चहा प्यालो, आन् जाळी ऱ्हायलीच की!"

काका धावले. जाळी पाण्यात गेली. सुळ्ळ! एक पान निघालं. ढुमू नाही.

जाळी पाण्यात गेली. सुळ्ळ! रेवाची रबरी चप्पल निघाली. ढुमू नाही.

जाळी पाण्यात गेली. अगदी कोपऱ्यात गेली. सुळ्ळ! एक वाळकी काडी निघाली. काडीला कुणीतरी घट्ट धरलं होतं. करंगळीच्या नखाएवढं!

"ढुमू!"

ढुमूचे डोळे लाल. पाय लटपट लटपट. "ताई," तो म्हणाला, "अंधार गेला?"

डुमी रडली. खूप रडली. मग तिनं ढुमूला एक धपाटा दिला. हळूच. मग पोटाशी धरलं.

काकांनी मान खाली घातली. "चुकलं रं बाळा," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा जाळी फिरवली. सगळीकडून. दोनदा! दुसरा चहा आला, गार झाला, तरी बघितलंसुद्धा नाही.

"ताई," ढुमू म्हणाला, "भूक लागली!"

तेवढ्यात... गुंईऽऽऽ! डास आला. ढुमूला बघायला आला. अगदी नाकासमोर आला.

ढुमूनं तोंड उघडलं. हे एवढं! जीभ निघाली. लप्...

धप्प! डुमी त्याच्या तोंडावर बसली.

"याला नाही!"

"का गं?"

"सांगते. आधी तोंड मीट!"

ढुमूनं तोंड मिटलं. आणि तुमचं काय? अजून उघडंच? मिटा, मिटा! नाहीतर डासदादा आत जाईल!