हिरवी खूण

"पण आत काही नाही, असं कोण म्हणालं?" मठातल्या भानुबुवांनी विचारलं.

"हाच म्हणतो की!" आडके सरांनी पायाशी ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर टिचकी मारली. "घरी किती वेळा तपासला. दर वेळी पडद्यावर हिरवी खूण. व्हायरस नाही, सगळं ठीक आहे."

"मग एवढं धूड उचलून कशाला आणलंत?"

सर घुटमळले. बुवांबरोबर बसून मठाच्या स्वयंपाकासाठी वाल सोलणाऱ्या नलूताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, तोंडाला पदर लावला.

हसू न येऊन करतात काय! गेला आठवडाभर सरांच्या नावाने जगाला मेल जात होते, आणि कसले, तर केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातीचे. जुने विद्यार्थी, व्याही, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. सरांच्या डोक्यावर तर औषधालाही केस नाही. फोनवर फोन येत होते. उभा जन्म मुख्याध्यापकी केलेला माणूस, त्याला दुसऱ्याचं हसणं कसं सोसावं?

"तालुक्याला नेतोय," सर म्हणाले. "तिथे सलीमचं दुरुस्तीचं दुकान आहे. फोनवर म्हणाला, सर, त्याचं त्यालाच विचारू नका. आत शिरलेला आधी पहारेकऱ्यालाच फितवतो. मी आतली डिस्क काढून माझ्या मशीनला जोडतो आणि बाहेरून बघतो. काही असलं तर सापडेल."

"शहाणा आहे तुमचा सलीम."

"ते असू द्या हो," सर सरसावून बसले. "मी इथे थांबलोय ते वेगळ्याच कामासाठी."

त्यांनी खिशातून रेशमी रुमालाची पुरचुंडी काढली. आत रुद्राक्षांची माळ होती.

या माळेचा सरांनी ध्यासच घेतला होता. त्यांच्या वडिलांना याच मठात अनुग्रह मिळाला होता. आपण मात्र तसेच कोरडे जाणार की काय, या विचाराने सरांना रात्र रात्र झोप लागत नसे. त्यांनी पहिल्यांदा अनुग्रह मागितला तेव्हा बुवा एवढंच म्हणाले होते, "गर्व गेला की या. माझ्या हाताने माळ घालीन."

"बुवा, गर्व गेला," सर म्हणाले.

"अरे वा!"

"रोज पहाटे ध्यानाला बसतो. मनाचा कोपरा न् कोपरा तपासतो. आजही तपासला. गर्वाचा मागमूस नाही. सगळं स्वच्छ."

बुवांनी हात पुसले आणि माळ घेतली.

सरांनी डोळे मिटून मान पुढे केली.

माळ काही गळ्यात पडेना.

सरांनी हळूच एक डोळा उघडला. बुवा नलूताईंकडे वळले होते.

"माई, तुम्हाला काय वाटतं? ह्यांच्यात आता..."

"तिला काय विचारता, बुवा!" सर वाकलेल्या मानेनेच म्हणाले. "तिला ध्यानातलं काय कळतंय?"

नलूताईंच्या बोटांतून वालाचा दाणा निसटला आणि टण्णकन डब्यावर पडला.

बुवांनी मांडीवर थाप मारली.

"सापडला!"

सरांना आधी कळेचना. मग कळलं, आणि कानांपासून टकलापर्यंत ते लालबुंद झाले. काहीतरी जोरदार उत्तर द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर बायकोवर गेली.

नलूताई रागावल्या नव्हत्या. डब्यावरचा दाणा उचलून पुन्हा सोलायला लागल्या होत्या. त्यांना सवय होती... ते सरांना आज पहिल्यांदाच दिसलं.

"नलू," ते हळू आवाजात म्हणाले, "मी नेहमी असंच बोलतो का गं?"

"छे, नेहमी कुठे?" नलूताई म्हणाल्या. "झोपेत नाही बोलत."

बुवा इतके हसले की पुढ्यातलं ताट कलंडलं आणि वाल मठभर पसरले. सरही हसले. आधी कसंनुसं, मग मोकळं, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्वतःला हसणं इतकं सोपं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिघांनी मिळून वाल गोळा केले. मग बुवांनी ती माळ नलूताईंच्या ओंजळीत ठेवली.

"तुमच्याकडे असू द्या, माई. तुम्हाला वाटेल त्या दिवशी तुम्हीच घाला ह्यांच्या गळ्यात."

"पण बुवा, मी कशी काय..."

"तुम्ही एका घरात राहता. मी लांब राहतो."

नलूताईंनी माळ कपाळाला लावली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली. सर त्या चेनकडे बघत राहिले. जीव तुटत होता. पण हात पुढे गेला नाही.

निघताना त्यांनी बुवांना वाकून नमस्कार केला. डबा उचलून स्कूटरवर पुढे, पायांपाशी ठेवला. नलूताई मागे बसल्या. "नीट बसलीस ना गं?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. फार बरं वाटलं त्यांना. एकदम हलकं, पिसासारखं. किक मारता मारता ते थांबले आणि पायऱ्यांच्या खालूनच आनंदाने ओरडले,

"बुवा! आत्ता मात्र गेला हो! अगदी मुळासकट गेला!"

बुवांनी वाल सोलता सोलता मान वर केली.

"कोण म्हणालं?"