खारीने भरलेला वाटा

मोहाच्या एका दाट जंगलात एका तरुण खारीने मोहफुलं वाळवायचा धंदा मांडला. तिच्याकडे पाच उंदीर कामाला होते. जंगलाचा नियम साधा होता, मुलांनो. उंदराची मजुरी दहा फुलं झाली, की मालकाने त्यातलं एक कापून ठेवायचं, पदरचं एक त्यात घालायचं आणि अमावास्येच्या आत दोन्ही फुलं जंगलाच्या कोठारात त्या उंदराच्या नावाने भरायची. पावसाळ्यात काम बंद पडे, तेव्हा कोठाराचा राखणदार धनेश पक्षी ज्याचं त्याला देई. शेजारच्या म्हाताऱ्या अस्वलाकडे चाळीस उंदीर राबत. तेही दर हप्त्याला न चुकता फुलं कापून घेई. भरत मात्र नसे. गुहेत ढीग रचून त्यावरच लोळे. जंगलातले वडीलधारे त्याला शहाणं म्हणत, कारण त्यांचंही तेच चाललेलं.

वैशाखात रानडुकरांचा कळप खारीच्या खळ्यात घुसला आणि तिचा सगळा माल फस्त करून गेला. ढोलीत उरली ती फक्त उंदरांची कापलेली फुलं. अमावास्या दोन दिवसांवर. अस्वल डुलत डुलत आलं. "उपाशी कशाला मरतेस, पोरी? ढोली तुझी, फुलं तुझी. खा की!" खार म्हणाली, "आजोबा, ही उंदरांनी कमावलीत. मी फक्त नेऊन पोचवणारी." अस्वल खो खो हसलं, "अगं, मालकीण की हमाल?" खार ताडकन म्हणाली, "हमाल म्हणा हवं तर. चोर तर नाही ना!" मग दोन दिवस ती रानभर हिंडली. सालं कुरतडून पोट भरलं, पण मिळालेलं एकेक फूल आपल्या पदरच्या वाट्यासाठी राखलं. अमावास्येला तिने कोठारात पुरता भरणा केला आणि शेपटी ताठ करून घरी आली.

पाऊस लागला, काम थांबलं. खारीच्या पाच उंदरांना त्यांचा वाटा मिळाला. अस्वलाच्या चाळीस उंदरांना धनेश म्हणाला, "तुमच्या नावाने एक पाकळीसुद्धा नाही." "अहो, असं कसं? दर हप्त्याला कापलंय आमचं!" उंदीर ओरडले. धनेशाने अस्वलाला बोलावलं. ते गुरगुरलं, "माझ्या गुहेत होतं, मी खाल्लं. एवढं काय त्यात?" "मग आता चाळीस जणांचं भर, तुझा वाटा भर आणि उशिराचा दंडही भर," धनेश म्हणाला. अस्वलाचा स्वतःचा साठाही त्यात गेला, गुहा झाडून रिकामी झाली. त्याच्या वयाकडे बघून धनेशाने एक फूलही सोडलं नाही, आणि का सोडावं?

पुढच्या चैत्रात अस्वलाच्या दारात एकही उंदीर फिरकेना. चाळीसच्या चाळीस खारीच्या झाडाखाली उभे होते. शेवटी अस्वलही तिथे आलं. खाली बघत म्हणालं, "पोरी, भरणा कसा करायचा, जरा समजावून सांगशील?"

खार खालच्या फांदीवर उतरली. "सांगते की. पण आधी यांच्यासमोर मोठ्याने म्हणा, आजोबा, 'ते माझं नव्हतं.'"

अस्वलाने घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणालं, "ते माझं नव्हतं."

तात्पर्य : मजुरीतून कापलेला वाटा मालकाच्या घरात असला, तरी मालकाचा नसतो. तो वेळेवर भरणं हे उपकार नव्हेत, काम आहे; आणि पिकल्या केसांना त्यातून सूट नाही.